डिस्नेवर्ल्ड, पावणेतीन वर्षांचं पिल्लू आणि सकाळी सातचं बुकिंग

पिंपळपान | ९ मार्च, ०८:४०

नमस्कार मंडळी,

एप्रिलमधे, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात ऑर्लँडोला जायचं ठरलंय. आम्ही न्यू जर्सीहून, दीर-जाऊ आणि त्यांचा आठ वर्षांचा मुलगा डॅलसहून. साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा) सांगलीहून आलेत, मेअखेरीस परत जाणार, त्यामुळे गर्दी असली तरी हाच मुहूर्त. आमचं पिल्लू तेव्हा पावणेतीन वर्षांचं असेल. उंची ३६ इंच. झोप दुपारी एक ते तीन, आणि ती चुकली की सगळ्यांचा उद्धार.

डिस्नेच्या हॉटेलात राहत नाही आहोत. किसिमीला स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंय, कारण साबांना सकाळचा चहा स्वतःच्या हातचा लागतो आणि साबूंना रात्री भात.

प्रश्न असा: मॅजिक किंगडम या तिथल्या पार्कच्या दिवसासाठी लाइटनिंग लेन मल्टी पास (जादा पैसे भरून राइडच्या छोट्या रांगेतून जायची सोय) घ्यावा का? भाव माणशी असतो, तारखेप्रमाणे बदलतो आणि त्या आठवड्यात चढाच असणार. सात जणांचा हिशेब केला तर पोटात गोळा येतो. दीर म्हणतो सगळ्यांनी घ्यायचा. नवरा म्हणतो कुणीच नको, पोराच्या राइडना कुठे रांगा असतात? मी मधे.

"एवढ्या लहान मुलाला कशाला नेताय" हे कृपया लिहू नका. ते माझ्या आईचं फोनवर सांगून झालंय.

खडूस_काका | ०८:५२

एवढ्या लहान मुलाला कशाला नेताय?

चिमणचारा | ०८:५५

काका :D

उंबरठा | ०९:३१

टँपात राहते, त्यामुळे घरी पाहुणे आले की डिस्ने हे ओघाने येतंच. जरा सविस्तर लिहिते.

आधी नियम. जुलै २०२४ पासून जिनी प्लस ही आधीची पैसे भरायची सोय गेली आणि हा मल्टी पास आला. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ७ दिवस आधी बुकिंग करता येतं, तेही सगळ्या मुक्कामाचं एकदम. बाहेर राहणाऱ्यांना त्या-त्या दिवसाच्या ३ दिवस आधी. दोघांसाठीही खिडकी पूर्वेच्या वेळेने सकाळी ७ ला उघडते. सुरुवातीला तीन राइड निवडायच्या, प्रत्येकीला तासाभराचा स्लॉट. मॅजिक किंगडममधे राइडचे दोन गट केलेत: पहिल्यातली एकच मिळते, दुसऱ्यातल्या दोन. पीटर पॅन, जंगल क्रूझ, स्पेस माउंटन हे पहिल्या गटात. डंबो, विनी द पू, हाँटेड मॅन्शन, इट्स अ स्मॉल वर्ल्ड, मिकीची भेट वगैरे दुसऱ्यात. पहिली राइड वापरून झाली की फोनवर पुढची घेता येते, आणि हे दिवसभर चालतं.

आता तुझ्या कामाचं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही आणि पासही लागत नाही. ज्या मोठ्या माणसाकडे पास आहे त्याच्या कडेवर बसून ते त्याच रांगेतून आत जातं. म्हणजे सात पास घ्यायची गरजच नाही. एक मोठा माणूस आणि पिल्लू एवढ्यावरही भागतं. सगळ्यांचा एकत्र फोटो यायलाच हवा असा हट्ट असेल तर गोष्ट वेगळी.

पिंपळपान | ०९:४४

अगं हे फार मोलाचं सांगितलंस. आमच्याकडे "घ्यायचा तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही" यावरच गाडी अडली होती.

रानवारा | १०:०२

मी नवऱ्याच्या पक्षात. आम्ही पास न घेता गेलो, मुलगी तेव्हा अडीच वर्षांची. गेट उघडायच्या अर्धा तास आधी हजर. आत शिरल्यावर थेट मागे फँटसीलँड. पहिल्या तासात डंबो, पू, चहाचे कप, घोड्यांचं कॅरोसेल. कॅरोसेलला लाइटनिंग लेन नाहीच, लागतही नाही. ते १९१७ सालचं आहे बरं का, डिस्नेच्या आधीचं, फिलाडेल्फियात बनलेलं. लेक त्यावर इतक्यांदा बसली की मलाच गरगरायला लागलं. साडेअकराला तिचा दिवस भरला होता. पास घेऊन आणखी काय केलं असतं?

उंबरठा | १०:१५

@रानवारा, तुमच्यात आजी-आजोबा आणि आठ वर्षांचा पुतण्या नव्हता. आणि अर्धा तास आधी म्हणजे गाडी पार्क करून अर्धा तास नव्हे. मॅजिक किंगडमला पार्किंगमधून थेट चालत जाता येत नाही, मधे तळ्याच्या अलीकडच्या वाहतूक केंद्रावरून मोनोरेल किंवा फेरी घ्यावी लागते. गाडीतून उतरल्यापासून गेटपर्यंत पाऊण तास धरायचा. साबांचे गुडघे कसे आहेत त्यावर आणखी.

पिंपळपान | १०:१९

गुडघे दुखतातच. व्हीलचेअर म्हटलं की "मला काय झालंय" असं उत्तर येतं.

सोनचाफा_हिंजवडी | १०:४८

वाचतेय. अमेरिकेचा व्हिसाही नाही, तरी वाचतेय. सकाळी सातला उठून फोनवर राइडसाठी स्लॉट पकडायचा, हे आपल्या तिरुपतीच्या ३०० रुपयांच्या दर्शनासारखंच झालं की! तारीख निवडा, वेळ निवडा, मग वेगळ्या रांगेतून सुळकन पुढे. फक्त तिथे वर्षाच्या आतल्या बाळाला घेऊन आलेल्या आईवडिलांना वेगळं प्रवेशद्वार आहे आणि त्याचे पैसेही नाहीत. डिस्नेने बालाजीकडून शिकावं.

चिमणचारा | १०:५०

लाडूही नाही देत ते.

घाटमाथा | ११:२७

अवांतर: खोपोलीच्या इमॅजिकाला जाणाऱ्यांनी एवढा आटापिटा करायची गरज नाही. शाळा चालू असताना मधल्या वारी जा, पावसाळ्यात तर अर्ध्या राइड रिकाम्या असतात. मे महिन्यात मात्र लहान मुलांना नेऊ नका, तिथला उन्हाळा सोसवत नाही. २०१३ ला सुरू झालं तेव्हा आमची कन्या प्रत्येक राइडच्या उंचीच्या पट्टीला जरा कमी पडत होती आणि दर वेळी रडत होती. आता ती इंजिनिअरिंगला आहे आणि नायट्रो या रोलरकोस्टरवर सलग बसते, मी खाली बॅगा सांभाळतो.

पहाटपाखरू | १२:०५

सॅन होजेहून. आमच्यासाठी पूर्वेचे ७ म्हणजे पहाटेचे ४. त्या वेळी मला स्वतःचं नाव आठवत नाही, पीटर पॅनचा स्लॉट कुठला शोधणार? शेवटी अकाउंट नवऱ्याच्या पुण्यातल्या भावाच्या हवाली केलं. अमेरिकेत घड्याळं पुढे सरकली की पूर्वेचे सकाळचे ७ म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेचार. भावोजी ऑफिसमधल्या चहाच्या वेळी आमचे स्लॉट काढून मोकळे! राइड कशाची आहे ते त्यांना आजही माहीत नाही.

@पिंपळपान, एक लक्षात घे, कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडचे व्हिडिओ बघून प्लॅन करू नकोस. तिथे पास आधी विकत घेता आला तरी राइड निवडता येतात त्या पार्कात शिरल्यावरच, एकेक करून. दोन्हीकडचं नाव एकच असल्यामुळे लोक गोंधळतात.

खडूस_काका | १२:३०

बाई, त्याला काही आठवणार नाही. खर्च तुमचा आणि आठवण कुणालाच नाही, असा व्यवहार आहे.

चिऊताईचं_मेण | १२:४१

काका, पोराला नाही आठवणार, पण आजीला आठवेल की. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नातवाला मांडीवर घेऊन डंबोत बसले तेव्हाचा फोटो देवघराशेजारी लावलाय. तो नातू आता तो फोटो बघतो आणि "हा मी?" विचारतो. वसूल.

सह्याद्री_इन_शिकागो | १३:१०

आठ वर्षांच्या पुतण्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. त्याच्यासाठी रायडर स्विच ही चीज समजून घ्या. उंचीत न बसणारं मूल सोबत असेल तर राइडच्या तोंडाशी सगळ्यांनी जायचं आणि तिथल्या माणसाला सांगायचं. एक गट आधी बसून येतो, दुसरा मुलाजवळ थांबतो. मग अदलाबदल, आणि दुसऱ्या गटाला साधी रांग लावावी लागत नाही. याचे वेगळे पैसे नाहीत. मूल मात्र त्या वेळी हजर हवं, "ते आजीकडे आहे" चालत नाही.

उंचीचा हिशेब असा: बार्नस्टॉर्मर ३५ इंच, सेव्हन ड्वार्फ्स ३८, स्पेस माउंटन ४४, ट्रॉन ४८. ट्रॉन मल्टी पासात येत नाही, त्याचा वेगळा सिंगल पास असतो. पुतण्याला घरीच मोजा. दारात मोजताना नाही बसला तर रडारड आठ वर्षांच्याचीही होते, आणि ती जास्त लांबते.

तुमचं पिल्लू ३६ म्हणजे बार्नस्टॉर्मरला बसू शकेल. आयुष्यातला पहिला रोलरकोस्टर! लहानसाच आहे, मिनिटभराचा.

मोरपीस०७ | १३:२२

३८ साठी दोनच इंच कमी आहेत ना? जाड सोलचे बूट घाला. आमच्याकडे चाललं होतं. ह.घ्या.

सह्याद्री_इन_शिकागो | १३:२९

नाही घेणार हलकं. ती उंची तिकिटासाठी नसते, सुरक्षेचा दांडा अंगाला नीट टेकावा म्हणून असते.

मोरपीस०७ | १३:३५

बरं बाबा. शब्द मागे.

रानवारा | १३:५८

उंचीवरून वयाचं आठवलं. आमच्या ओळखीत एकांनी सव्वातीनच्या मुलीला "दोनची आहे" म्हणून नेलं. गेटवर त्या बाईंनी मुलीकडे बघून हसत विचारलं, हाउ ओल्ड आर यू? मुलीने तीन बोटं दाखवून वर गेल्या वाढदिवसाच्या केकचं वर्णन केलं. वडील तिथल्या तिथे तिकीट काढायला गेले.

घाटमाथा | १४:०६

हे एसटीतल्या हाफ तिकिटापासून चालत आलंय. कंडक्टर दिसला की आई मला "गुडघे वाकवून बस" म्हणायची.

चिमणचारा | १४:०८

माझे बाबा "शाळेचं नाव सांगू नकोस" म्हणायचे. :D

ओसरी | १५:४०

सगळे राइडवर बोलताहेत. माझ्या मते या वयात खरं बुकिंग झोपेचं असतं. एक ते तीन झोप म्हणजे तुमचा पहिला अर्धा दिवस संपतो बाराला. दुसरा अर्धा आहे की नाही हे आधी ठरवा, मग स्लॉट घ्या.

झोपेसाठी किसिमीला परत जाऊन संध्याकाळी यायचं हे कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात गेटपासून फेरी, मग पार्किंग, मग गाडी. गाडीत पोर झोपतं, घरी पोचल्यावर उठतं, आणि परत यायला पुन्हा तेवढाच द्राविडी प्राणायाम. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, त्यांचे सल्ले वाचून ठरवू नकोस.

दोनच मार्ग. एक, बारापर्यंत सगळं उरकून घरी, संध्याकाळ घरात. दोन, पोराला प्रॅममधे झोपवायचं. दुसरा मार्ग पकडणार असशील तर पाठीकडे पूर्ण आडवी होणारी प्रॅम ने, वर सुती ओढणी आणि क्लिपा. वॅगन नेऊ नकोस, न्यू जर्सीत सगळ्यांकडे असते म्हणून सांगते, २०१९ पासून आत बंदी आहे. प्रॅमचीही मापं ठरलेली आहेत: रुंदी ३१ इंच, लांबी ५२ इंच, याच्या आत.

रानवारा | १५:५२

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). आमची प्रॅममधे झोपायची नाही, म्हणून आम्ही पहिला मार्ग धरला.

उंबरठा | १६:२०

तिसरा मार्ग आहे: पीपलमूव्हर. टुमॉरोलँडमधे वरून फिरणारी संथ गाडी, साधारण दहा मिनिटांची, वारा लागतो, उंचीची अट नाही, लाइटनिंग लेन नाही, रांगही पुढे सरकत राहते. आमच्याकडे आलेली निम्मी मुलं त्यात पेंगली. फक्त चढताना-उतरताना पट्टा हलता असतो, तेव्हा साबांचा हात धरा.

आणि क्रिस्टल पॅलेसजवळ बेबी केअर सेंटर आहे. थंड, शांत, डायपर बदलायला ऐसपैस जागा, बाळाचं खाणं गरम करायला मायक्रोवेव्ह, बसवून भरवायला उंच खुर्च्या. पोर बिथरलं की आधी तिथे.

पिंपळपान | १७:०५

वरण-भात नेला तर चालेल म्हणजे?

उंबरठा | १७:०९

चालेल. बाहेरचं खाणं आत नेता येतं, काचेची भांडी मात्र नाहीत. ठेपले, चटणी-भाकरी, लाडू, काहीही ने. खाण्याच्या काउंटरवर मागितलं तर बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट मिळतो, पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका.

खडूस_काका | १७:४६

पाणी फुकट मिळतं ते खरं आहे. आमच्या नातीला घेऊन गेलो होतो तेव्हा मीच आणत होतो.

चिमणचारा | १७:४७

काका!!! तुम्ही गेलात? नात केवढी होती?

खडूस_काका | १७:५८

दोन वर्षांची. म्हणूनच अधिकाराने सांगतोय. तिने दिवसभर बदकांना हात केला. बदकं आमच्या घरामागच्या तळ्यातही आहेत.

चिऊताईचं_मेण | १८:१२

:D :D

मिकीबद्दल कुणी बोललं नाही. टीव्हीवरचा मिकी हातभर असतो, तिथला माणसाएवढा. आमचा मुलगा आठवडाभर "मिकी मिकी" करत होता आणि दार उघडल्यावर माझ्या मानेत तोंड खुपसून जे ओरडला! तिथली मंडळी सरावलेली असतात, मिकी मागे सरकून खाली बसला, लांबूनच हात हलवला. त्यामुळे मिकीच्या भेटीवर तुझ्या तीनपैकी एक स्लॉट घालवू नकोस. आधी लांबून मिरवणुकीत दाखव, रंग बघ, मग ठरव.

हाँटेड मॅन्शनही तसंच. उंचीची अट नाही म्हणून यादीत "लहानांसाठी" दिसतं, पण आत अंधार आणि आवाज आहेत.

हिरवळ_टोक्यो | १९:३०

टोक्यो डिस्नेलँडचं सांगू का? इथे तीन वर्षं पूर्ण झालेली मुलंही फुकट, तिकीट चौथ्या वाढदिवसापासून. पैसे भरून घ्यायचा प्रीमिअर ॲक्सेस आहे, पण तोही आत गेल्यावर, एकेका राइडचा वेगळा. त्यामुळे ज्या राइडला पोर बसणार तिचेच पैसे. तुमच्या तीनच्या गठ्ठ्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

पहाटपाखरू | १९:४१

गठ्ठ्याला हरकत तीच आहे. लहान मुलांना पहिल्या गटातली पीटर पॅन एकटीच खरी पैसे वसूल करते. अडीच-तीन मिनिटांची राइड आणि दिवसभर हलत नाही अशी रांग, कारण एका वेळी बसतात फार थोडे. उडत्या गलबतातून रात्रीचं लंडन दिसतं, पोरं तोंड उघडं टाकून बघतात. बाकी दोन स्लॉट काहीही घ्या, सकाळी लवकरचे घ्या एवढंच.

ओसरी | १९:५५

लवकरचे, पण अगदी पहिले नकोत. पहिल्या तासात साध्या रांगाही छोट्या असतात, तो तास पास न वापरता काढायचा. दहा ते बाराच्या मधले स्लॉट पकड.

पिंपळपान | १० मार्च, ०७:१५

सगळे प्रतिसाद काल रात्री जेवताना मोठ्याने वाचून दाखवले. बरीच गरमागरम चर्चा होऊन ठरलं ते असं:

पास चारच. दीर, पुतण्या, नवरा, मी. जाऊबाईंना गरगरतं, त्या साबा-साबूंबरोबर. पिल्लू माझ्याबरोबर आत जाईल. सगळ्यांनी एकच राइड घ्यायला हवी असं नाही हे काल ॲपमधे बघितलं, त्यामुळे पहिल्या गटातून दीर आणि पुतण्या स्पेस माउंटन घेणार, आम्ही दोघं पीटर पॅन. उरलेल्या दोनात पू आणि बार्नस्टॉर्मर, तिथे चौघं एकत्र. इट्स अ स्मॉल वर्ल्डला मात्र सगळे साध्या रांगेत उभे राहणार. साबांनी व्हिडिओत भारताच्या बाहुल्या बघितल्यात आणि त्या "समोरून बघायच्या" आहेत. बारानंतर आम्ही दोघं, पिल्लू आणि साबा-साबु परत. डॅलसकर रात्रीच्या फटाक्यांपर्यंत थांबणार, दुसरी गाडी त्यांच्याकडे.

व्हीलचेअरला साबा "बघू" म्हणाल्यात. आमच्याकडे याचा अर्थ हो.

सह्याद्री_इन_शिकागो | ०७:४०

झकास. स्पेस माउंटनला तुझा नवरा जाणार नाही का पण?

पिंपळपान | ०७:४३

तो पीटर पॅनसाठी हटून बसलाय. कारण विचारलं नाही.

रानवारा | ०७:५०

पास नको म्हणणारा हाच ना? :)

उंबरठा | ०८:०५

एक राहिलं. तुमच्या स्लॉटच्या वेळी राइड बंद पडली तर घाबरू नका, तो पास बदलून येतो आणि दुसऱ्या बऱ्याचशा राइडना वापरता येतो. आणि पार्किंगमधल्या ट्रॅममधे प्रॅम मिटवावी लागते, फेरीवर नाही. प्रॅमच्या खालच्या जाळीत डबे ठेवणार असाल तर ते ट्रॅमच्या आधी काढून घ्या.

मोरपीस०७ | ०८:३२

आम्ही जूनमधे जातोय, जुळी, दोघं दीड वर्षांची. हाच प्लॅन चालेल का?

उंबरठा | ०८:४४

सकाळचा चालेल. संध्याकाळचं जूनमधे काही धरू नका. दुपारी ढग भरून येतात आणि विजा दिसल्या की डंबोसारख्या उघड्या राइड थांबवतात. स्लॉट घेताना दुपारनंतरचे छपराखालचे घ्या. दोन मुलं असतील तर आईबाबा दोघांनीही पास घ्या, एका मोठ्याच्या मांडीवर दोन पोरं सगळीकडे बसवू देतीलच असं नाही. प्रॅम शेजारी-शेजारी बसायची असेल तर आधी रुंदी मोजा, ३१ इंच.

मोरपीस०७ | ०८:५१

मोजली. ३०.

सह्याद्री_इन_शिकागो | ०८:५३

बूट न घालता ना?